खालच्या विहिरीचं पाणी

अक्का, गेल्या महिन्यात मामी गेली. दहाव्याला मी गेले होते. तुझ्या माहेरच्या गावात आता मला ओळखणारं फारसं कोणी उरलेलं नाही. डेअरीच्या ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि मग विचारलं, "मास्तरनी पोर शे का तू?" मी हो म्हटलं. त्याने मान हलवली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. इतकी वर्षं झाली, पण त्या गावाने तुझं नाव चांगलं घ्यावं की वाईट, हे अजून ठरवलेलं नाही. परत येताना एसटीत खिडकीशी बसून मला एवढंच वाटत होतं की मामा गेला, नाना गेले, तू तर कधीच गेलीस, आता मामीही गेली. म्हणजे त्या सगळ्याचं जे काही खरं माहीत आहे ते आता माझ्या एकटीपाशी उरलं. आणि ते सांगायचं तर तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

नानांना तू कधी वाईट म्हणाली नाहीस, मीही म्हणणार नाही. शाळेत शिकवत नसूनही सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, कारण ते डाईंग मास्तर होते. आधी धुळ्यातल्या एका कापड गिरणीत त्यांनी रंगखात्यात नोकरी केली. मला आठवतात ते त्यांचे हात. जेवायला बसण्यापूर्वी लिंबाची फोड घेऊन नखं घासत बसायचे, तरी कडांना निळं किंवा तांबडं काहीतरी उरायचंच. लहानपणी त्यांच्या शाळेतले गुरुजी त्यांना सांगायचे म्हणे, की आपल्याकडे सुईसुद्धा बोटीतून येते. ते त्यांच्या मनाला फार लागलेलं होतं. "हा देश माझ्याहून वयाने लहान आहे," असं ते अगदी गंभीरपणे म्हणायचे. "अजून पोर आहे. हाताला धरून चालवायला लागतं त्याला." रस्त्याने जाताना कुठे नवी धुराडी दिसली की सायकल थांबवून बघत उभे राहायचे. तू मागच्या कॅरिअरवर बसलेली असायचीस, आणि ऊन लागतंय म्हणून पदर डोक्यावर ओढून घ्यायचीस, पण त्यांना कधी चला म्हणायची नाहीस.

मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला धुळ्याबाहेर औद्योगिक वसाहतीची आखणी झाली आणि शेठ आपल्या घरी आले. सुताचा व्यापार करणारे, मालेगावपर्यंत माल देणारे, मऊ बोलणारे गृहस्थ. सूत रंगवायला बाहेर पाठवावं लागतं, त्यापेक्षा इथेच कारखाना काढू, तुम्ही सांभाळा, असं ते नानांना म्हणाले. जागा ठरली ती महामार्गाच्या कडेची खडकाळ टेकाडावरची. त्या टेकाडाच्या उतारावरून एक नाला निघतो आणि खाली तुझ्या माहेरच्या गावाला वळसा घालून पुढे जातो. नाल्याच्या काठाला मामाचा मळा, मळ्यात आजोबांनी खोदलेली विहीर. तुला किती आनंद झाला होता! नवऱ्याचा कारखाना वर आणि भावाचा मळा खाली; हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. मामा तुला अक्का म्हणायचा, म्हणून मीही तुला आई न म्हणता अक्का म्हणायला लागले. तुमचं दोघांचं तसं होतं.

कारखाना सुरू झाला तो दिवस. तू बॉयलरला हळदकुंकू लावतेस, शेठ पेढे वाटतायत, गावातली पोरं नव्या खाकी कपड्यांत रांगेने उभी आहेत. शेठनी निम्म्याहून जास्त माणसं तुझ्या गावची घेतली होती, आणि ती नानांनी निवडली होती. पहिला घाणा तांबड्या रंगाचा काढला. सुताच्या लडी टाकीतून वर आल्या तेव्हा वाफेत त्या इतक्या लाल दिसत होत्या की मला बघवेना. संध्याकाळी उरलेलं पाणी नाल्यात सोडलं. खाली गावात पोरं त्या लाल पाण्याच्या बरोबरीने काठाकाठाने पळत सुटली, आणि नाल्यावर कपडे धुणाऱ्या बायका हसत म्हणाल्या, देवीने कुंकू सांडलं. मामी पण हसली होती. मी अठरा वर्षांची, कॉलेजात जायला लागलेले. मलाही ते सुंदर वाटलं होतं.

पुढे गावाला सवय झाली. नाला हिरवा दिसला की आज हिरवं सूत, निळा दिसला की निळं. पोरं घरी पगार आणू लागली, घरांवर पत्रे आले, सायकली आल्या. त्या पावसाळ्यात मात्र मामीने तुला एक गोष्ट सांगितली आणि तू ती घरी येऊन नानांना सांगितलीस. पाऊस भरपूर झाला, नाला दुथडी वाहिला, पण बेडूक ओरडले नाहीत. एकही नाही. नाना हसले. म्हणाले, "बेडकांचं काय घेऊन बसलीस?" पण मला आठवतं, पुढच्या पावसाच्या दिवशी तू दारात उभी राहून कितीतरी वेळ कान देऊन ऐकत होतीस, आपल्या गल्लीत.

त्यानंतर एकेक होत गेलं, आणि इतकं हळू की कुठल्या दिवशी काय झालं ते सांगता येणार नाही. नाल्याकाठची मिरचीची रोपं कडेने जळाली. बैल नाल्याला तोंड लावेनात, मग मामा त्यांना विहिरीवर आणायला लागला, आणि काही दिवसांनी ते विहिरीच्या पाण्यापासूनही मान फिरवायला लागले. मामीच्या तळहातांची सालं निघायला लागली. गाभण म्हैस अवेळी मोकळी झाली आणि पुढे दुधावर आलीच नाही. विहिरीचं पाणी वरून बघितलं तर नेहमीसारखंच, पण पितळी घागरीत भरलं की त्याला एक फिकट झाक दिसायची. चहा गाळून झाल्यावर भांडं विसळावं तशी. आपण दोघी गेलो होतो तेव्हा तू पाणी मागितलंस, आणि मामी घागरीपाशी गेली आणि तशीच उभी राहिली. "बाई, तुले हाई पानी कसं देऊ मी?" असं म्हणाली. मग गावच्या पलीकडच्या विहिरीवरून आणलेलं, झाकून ठेवलेलं थोडं पाणी होतं, ते तिने तुला दिलं. तू तांब्या तोंडाला लावलास आणि न पिता खाली ठेवलास.

"मग गावात कोणाला सांगितलं का?" तू विचारलंस.

"कोनले सांगू? बठ्ठास्ना पोऱ्या तठे कामले जातस," मामी म्हणाली. "बठ्ठं गाव गप शे." सगळ्यांची पोरं कारखान्यात कामाला, म्हणून सगळं गाव गप्प.

तू नानांना सांगितलंस ते मी दारामागून ऐकलं. नाना चिडले नाहीत, उलट समजावत होते. रंग आहे, विष नाही. डोळ्यांना दिसतं म्हणून माणूस घाबरतो. नवं काही आलं की सुरुवातीला असंच होतं. रेल्वे आली तेव्हाही लोक म्हणाले होते की धुराने पिकं मरतील. त्यांना ते खरंच वाटत होतं, अक्का. मी आजही शपथेवर सांगेन की त्यांना ते खरंच वाटत होतं. म्हणून तर मला त्यांची जास्त भीती वाटली.

मामाने ग्रामपंचायतीत तक्रार केली, तेव्हा शाळेच्या पटांगणात गाव जमलं. शेठ आले, नाना आले. तू आणि मी बायकांच्या घोळक्यात मागे उभ्या होतो. शेठ अगदी शांतपणे बोलले. म्हणाले, हा कारखाना तुमचा आहे, तुमच्या पोरांचा आहे; गावाला त्रास होत असेल तर मी उद्या कुलूप लावतो. "ज्याला वाटतं पाणी खराब झालं, त्याने हात वर करा." एवढं बोलून ते थांबले आणि एकेका चेहऱ्याकडे बघत राहिले. पटांगणात कोणी हललं नाही. मग मामाचा हात वर गेला. एकट्याचा. तो वर गेलेला हात आणि त्याच्या आजूबाजूची खाली बघणारी माणसं मला अजून दिसतात. शेठनी नानांकडे बघून विचारलं, "मास्तर, तुमचं काय म्हणणं?" नानांनी मामाच्या हाताकडे बघितलं. तुझ्या भावाच्या हाताकडे. आणि म्हणाले, "पाणी चांगलं आहे." मामाने हात खाली घेतला, आणि त्या दिवसापासून तो आपल्या घरी येईनासा झाला.

तू नानांशी भांडली नाहीस. रोजच्यासारखा डबा करून देत होतीस, शर्टावरचे डाग काढत होतीस. पण तुझ्यात काहीतरी थांबल्यासारखं झालं होतं. मला वाटायचं तू गप्प बसलीस. गाव बसलं तशी तूही बसलीस, असं वाटून मला तुझा राग यायचा.

मग एक दिवस नाना आनंदात घरी आले. मामाचा अर्ज वरपर्यंत गेला होता आणि नाशिकहून तपासणीला साहेब येणार होते, पण शेठ म्हणाले होते की काळजी करू नका, चांगली सरबराई करू. हॉटेलात नको, घरचं जेवण घालू. वहिनींच्या हातची वरण-बट्टी साहेबांनी कुठे खाल्ली असणार! तू पोळपाट पुसत होतीस. "करते की," एवढंच म्हणालीस. नाना निघून गेल्यावर तू मला म्हणालीस, "उद्या सकाळी माझ्याबरोबर मामाकडे चल. दोन कॅन घे."

पहिल्या गाडीने आपण गेलो. मामाने काही विचारलं नाही, विहिरीतून पाणी शेंदून कॅन भरून दिले आणि स्वतः फाट्यापर्यंत आणून गाडीत ठेवले. घरी येऊन तू त्या पाण्यात डाळ धुतलीस, त्याच पाण्यात शिजायला टाकलीस, त्याच पाण्यात बट्टीची कणीक मळलीस, तांदळालाही तेच पाणी. तेव्हा कुठे मला समजलं तू काय करते आहेस. मी म्हटलं, "अक्का, नानांची नोकरी जाईल." तू माझ्याकडे वळलीस. तू मला आयुष्यात फार कमी वेळा रागावलीस, पण त्या दिवशी तुझा आवाज असा होता की मी मागे सरकले. "तुझ्या मामाचा हात एकटा वर होता," तू म्हणालीस, "तेव्हा तू कुठे बघत होतीस? मी कुठे बघत होते? आता पातेल्याकडे बघ आणि गप बस."

मी बघत बसले. डाळीला उकळी फुटली, फेस आला, फेसाला कडेने गुलाबी रेघ. उकळत राहिली, उकळत राहिली, तरी दाणा दाणा वेगळाच. तुरीची डाळ, आपल्या घरात जी हात लावताच विरघळायची, ती टणक राहिली. मी पळीने दाबून बघितली. "शिजत नाही गं." तू म्हणालीस, "न शिजू दे." भाताचं झाकण काढलं तर वाफेत भात फिकट गुलाबी, एखाद्या सणाला मुद्दाम केल्यासारखा. उकडलेल्या बट्ट्या तू तुपात तळल्यास तेव्हा त्यांना छान रंग आला. फक्त वांग्याची भाजी तेवढी नेहमीसारखी दिसत होती. तू तोंड धुतलंस, चांगलं लुगडं नेसलीस, कपाळ भरलंस.

जीप आली. दोन साहेब, शेठ आणि नाना. पाट मांडलेले होते, आणि तू एक पाट जास्त मांडला होतास. नानांनी त्याच्याकडे बघितलं, पण पाहुण्यांसमोर काही विचारता आलं नाही. तू सगळ्यांना वाढलंस आणि मग स्वतःचं ताट वाढून घेऊन त्या पाटावर बसलीस, पुरुषांच्या पंगतीत. असं आपल्या घरात कधी झालं नव्हतं. शेठ हसून म्हणाले, "वा, वहिनी पण बसल्या! बरं झालं." तू म्हणालीस, "हो. मी आधी खाते, म्हणजे कोणी काही म्हणायला नको." आणि वरणात बट्टी कुस्करून पहिला घास घेतलास.

थोरल्या साहेबाने घास तोंडात घातला, चावला, थांबला. भाताकडे बघितलं. "हा रंग कसला?" त्याने विचारलं.

तू म्हणालीस, "पाण्याचा. खालच्या विहिरीचं पाणी आहे. माझ्या भावाच्या. आमचे हे चांगलं म्हणतात, म्हणून मी आणलं."

वर पंखा फिरत होता आणि बाहेर जीपचा ड्रायव्हर कुठलंसं गाणं गुणगुणत होता. धाकट्या साहेबाने ताट पुढे सरकवलं. शेठनी मात्र सरकवलं नाही. त्यांनी वरण-भात कालवला आणि एकेक घास करून खाल्ला, अगदी सावकाश, ताट स्वच्छ होईपर्यंत. हात धुताना म्हणाले, "डाळ थोडी कच्ची राहिली, वहिनी." त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला त्या माणसाच्या रागाची भीती वाटली नसती, पण त्या दिवशी जे दिसलं त्याची वाटली. आणि नाना? नानांनी पहिल्याच घासाला ओळखलं होतं. ते तुझ्याकडे बघत नव्हते, ताटाकडे बघत होते. पाणी चांगलं आहे असं त्यांनी गावासमोर म्हटलं होतं, आता ते उठू कसे शकणार? त्यांनीही सगळं खाल्लं. तुम्ही तिघे जेवत राहिलात, तू, नाना आणि शेठ, आणि दोन साहेब रिकाम्या हातांनी बसून तुमच्याकडे बघत राहिले.

साहेबांनी परस्पर नाल्यावर जाऊन बाटल्या भरून नेल्या. काही आठवड्यांनी हुकूम आला की रंगाचं पाणी नाल्यात सोडायचं नाही. नानांना वाटलं होतं आपल्याला काढून टाकतील, पण शेठनी काढलं नाही. उलट म्हणाले, वहिनींनी आपले डोळे उघडले. आणि नाला खरोखर स्वच्छ झाला. वाळू दिसायला लागली. मामा पुन्हा घरी आला, ओसरीवर बसून रडला. गावातल्या बायका तुला हिरवी साडी आणि नारळ घेऊन आल्या. त्यांच्यातल्या एकीचा मुलगा बॉयलरवर होता, तीच पुढे होती. तिनेच तुझी ओटी भरली. तेवढे दिवस आपलं घर किती हलकं झालं होतं! नानासुद्धा एकदा म्हणाले की चुकलं माझं, आधीच हौद बांधायला हवा होता. कारखान्यात नवीन हौद बांधलाय आणि त्यात पाणी मुरतं, असं त्यांना सांगितलं होतं. त्यांनी तुला सांगितलं, तू मला सांगितलंस.

पण मामाच्या विहिरीची झाक जाईना. जुनं आहे, निघेल हळूहळू, असं सगळे म्हणत होते. मग गावच्या पलीकडच्या अंगाला, नाल्यापासून लांब असलेल्या एका विहिरीला ती दिसली. त्या बाजूला नाला नाही, ओहोळ नाही, काही नाही. मग मंदिरामागच्या. आणि मग शाळेच्या हापशाला. मुलं पाणी पिऊन येत आणि त्यांच्या सदऱ्यांवर पुढे फिकट डाग दिसत.

रविवार होता. नाना मोरीत लिंबाने हात घासत होते, आणि तू मागे उभी राहून त्यांना शाळेच्या हापशाचं सांगितलंस. त्यांचे हात थांबले. मान वर न करता ते म्हणाले, "शेठनी बोअर मारलंय. हौदाच्या आत. मला परवा कळलं."

"मग काय झालं? पाणी लागलं नाही का?"

"पाणी काढायला नाही मारलं," नाना म्हणाले. "सोडायला मारलं."

तुला ते लगेच समजलं नाही. मलाही नाही. मग तू हळूच विचारलंस, "किती खाली?"

"खूप."

"तिथे खाली काय आहे?"

"पाणी," नाना म्हणाले.

मी शेठना बोललो, असंही ते म्हणाले. शेठ म्हणाले, वर दिसत नाही ना आता कुणाला? साहेब येऊन बघून गेले, खूश होऊन गेले. तू तिथेच पाटावर बसलीस. तुझ्या मनात काय आलं असेल ते मी इतक्या वर्षांनी ताडू शकते. नाला लाल होता तोवर निदान गावाला माहीत होतं कुठलं पाणी प्यायचं नाही. तू ताट वाढलंस, आणि ते पाणी दिसेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी तू एकटी गावाला गेलीस. मामाकडे गेली नाहीस, सरपंचाकडे नाही, सरळ पिठाच्या गिरणीवर, जिथे सकाळी बायका डबे घेऊन बसलेल्या असतात. हे मला मामीने सांगितलं. तू गिरणीवाल्याला पट्टा थांबवायला लावलंस. आणि उभं राहून नानांचं नाव घेतलंस. संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, जे तू उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतंस. म्हणालीस, हे माझ्या नवऱ्याने मला सांगितलं, मी तुम्हाला सांगते, तुमच्या पोरांना घरी गेल्यावर विचारा हौदाच्या आत काय आहे. बायकांनी अर्धवट दळलेलं पीठ उचललं आणि त्या गेल्या. आणि त्यानंतरच्या सकाळी पाळीवर गेलेल्या पोरांनी, तुझ्याच गावच्या, नानांनीच निवडलेल्या पोरांनी, त्या बोअरमध्ये दगड, विटा, सिमेंट, जे हाती लागलं ते टाकून ते बुजवून टाकलं. नाना तिथे उभे होते. त्यांनी थांबवलं नाही. कोणी म्हणतात पहिला दगड त्यांनीच दिला. मी त्यांना कधी विचारलं नाही, तूही विचारलं नसशील.

इथे संपलं असतं तर गावाने तुझं नाव चांगलंच घेतलं असतं. शेठनी कोणावर खटला केला नाही, आरडाओरडा केला नाही. कारखाना बंद ठेवला, दिवाळी जाऊ दिली, आणि मग ट्रक आले. टाक्या, बॉयलर, मोटारी, सगळं उचलून गुजरातकडे गेलं. पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती. निम्मी सुरतेला मागांवर गेली, काही परत आलीच नाहीत. विहिरी तशाच राहिल्या. मामाने शेवटी माती टाकून आपली विहीर भरून घेतली; आजोबांनी खोदलेली विहीर. आणि एका दुपारी ती बॉयलरवाल्या मुलाची आई आपल्या दारात आली. आत आली नाही, पाणी घेतलं नाही. "ती साडी दी दे," एवढंच म्हणाली. तू कपाटातून काढून दिलीस. घडीही मोडलेली नव्हती.

मग आपण जळगावला आलो. नानांना चटईच्या कारखान्यात काम मिळालं, मेहरूणला दोन खोल्या. तिथे रंग प्लॅस्टिकच्या गोळ्यांमधून येतो, पाणी लागत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी तुला सांगितलं होतं, आणि तू मान हलवली होतीस. तुमचं दोघांचं वाईट चाललं नाही. संध्याकाळी तलावावर फिरायला जायचात. एकदा मी बरोबर होते. नाना पाण्याकडे बघत एकदम म्हणाले, "तिकडे गुजरातेत कुठेतरी सोडत असतील ते आता." तू म्हणालीस, "हो." बस, एवढंच.

तुझं पोट दुखायला लागलं ते त्यानंतर काही वर्षांनी. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते मला पाठ आहे. त्याचा त्या विहिरीशी संबंध आहे का, असं मी विचारलं, तर ते म्हणाले असं कसं सांगणार, कोणालाही होतं. नानांना झालं नाही. शेठनाही झालं नसावं. कोणालाही होतं.

आता जे सांगायला बसले ते सांगते. माझा मुलगा तू पाहिला नाहीस. इंजिनीअर झाला, चार वर्षं पुण्यात दुसऱ्याच्या कारखान्यात राबला, आणि आता त्याला स्वतःचं काहीतरी काढायचं आहे. यंत्रांच्या सुट्या भागांना टाक्यांतल्या रसायनांत बुडवून मुलामा देण्याचं काम. जळगावच्या बाहेर नव्या वसाहतीत त्याला जागा मिळाली आहे. चांगला मुलगा आहे, अक्का. इथल्या पोरांना पुण्या-सुरतेला जावं लागू नये, असं म्हणतो, आणि म्हणताना त्याचे डोळे नानांसारखे दिसतात. त्याने मला जागा दाखवायला नेलं होतं. उंचावर आहे, वारा छान येतो. खाली लांबपर्यंत केळीच्या बागा आहेत, आणि बागांच्या मधे मधे विहिरींची तोंडं दिसतात.

रविवारी भूमिपूजन आहे. नारळ मी फोडायचा असं त्याचं म्हणणं आहे, आणि मी हो म्हणाले आहे. हा कागद मी कुठे पाठवणार नाही, पाठवायला जागाच नाही, आणि त्याच्या हातात तर पडू देणार नाही. त्याने मला सगळा नकाशा समजावून सांगितला, टाक्या कुठे, भट्टी कुठे, ऑफिस कुठे, आणि मी प्रत्येक खोलीबद्दल काही ना काही विचारलं. फक्त पाणी कुठे जाणार, ते विचारलं नाही.